घोड्यांमागे गेलेली आई

मुलीला रायडिंगच्या क्लासला सोडलं, तेव्हा तबेल्यातून घोड्यांच्या घामाचा वास आला आणि मला मेरीलँडचा तो समुद्रकिनारा आठवला.

मी तेव्हा शाळेत होते. रानटी घोडे बघायला आम्ही तिथे गेलो होतो. वाळूच्या टेकडीवरून काही घोडे उतरले आणि पाण्याच्या कडेनं चालू लागले. आईनं चपला काढल्या आणि थोडं अंतर ठेवून ती त्यांच्या मागोमाग निघाली. आधी आम्हाला गंमत वाटली, पण ती थांबेचना. तिची पिवळी ओढणी लहान लहान होत गेली.

"सुधा! अगं, कुठे निघालीस?" बाबा ओरडले. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"व्हेअर इज शी गोइंग?" दादानं विचारलं. बाबा हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती परतली. "भूक लागली असेल ना?" म्हणत तिनं डबा उघडला. वाऱ्यामुळे हाक ऐकू आली नसेल, असं बाबा म्हणाले आणि विषय संपला.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. तबेल्याबाहेरूनच तिला फोन लावला. "आई, बाबांची हाक तुला खरंच ऐकू आली नव्हती?"

"आली होती की."

"मग तेव्हा वळली नाहीस, तर नंतर परत का आलीस?"

"तू हाक मारलीस म्हणून."

मला तर पक्कं आठवतंय, त्या वेळी माझ्या तोंडून आवाजच फुटला नव्हता.