हिरवी उष्टी हळद

गेल्या आठवड्यात आमच्या अधारतालच्या घरी सईची, म्हणजे माझ्या लेकीची, हळद होती. आणि दोनच दिवस आधी पोरीचं तोंड लालबुंद! पार्लरवालीने काय फासलं होतं देव जाणे...

स्किनच्या डॉक्टरांनी बजावलं, चेहऱ्याला काहीही लावायचं नाही, हळद तर मुळीच नाही. फक्त सेंटेलाचं जेल, म्हणजे आपल्या मंडूकपर्णीच्या पानांचा अर्क. ते लावलं की आग थांबायची आणि सईच्या जिवात जीव यायचा.

पण आमच्यात आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग त्याची उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते. ती नको म्हणायची तरी कशी? "आई, पहिल्याच रिवाजाला मी नाही म्हणू? काय म्हणतील ते लोक?" म्हणून सई रडून राहिली होती.

शेवटी मनाचा हिय्या केला आणि खमरियाला, सईच्या होणाऱ्या सासरी, विहीणबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा... बघते मी." आणि फोन ठेवला! झालं... दिवसभर माझा जीव टांगणीला. "बघते म्हणजे काय हो?" विचारून विचारून मी यांचं डोकं खाल्लं.

हळदीच्या दिवशी विहीणबाई स्वतः वाटी घेऊन आल्या. वरचा रुमाल काढला तर आत फिकं हिरवं जेल! सेंटेलाचंच! जमलेल्या बायका माना उंचावून वाटीत डोकावायला लागल्या...

"उष्टंच आहे हो," विहीणबाई हसून म्हणाल्या. "सकाळी पोराला हेच फासलं. गार लागलं तर केवढा ओरडला! हळद फक्त पायाला लावली, शकुनाची. सईलाही तेवढीच लावू."

मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जावईबापू पाटावर बसलेले, तोंडभर जेल, कुस्तीला निघालेल्या पहिलवानासारखे चकाकत होते! सई रडता रडता अशी हसली की काय सांगू... आणि मग आम्ही सगळ्या बायकांनीही हौसेने गालाला जेल लावून घेतलं.

लेक सासरी जाणार म्हणून महिनाभर मी आतून धास्तावले होते. त्या दिवशी विहीणबाईंना घट्ट मिठी मारली आणि मोकळेपणी रडले... पोरीला काय सोसत नाही, हे तिने उंबरठा ओलांडायच्या आधीच ज्या घराने जाणलं, तिथे तिला पाठवताना आता कसली भीती?