गुरुवारचा डबा

आमच्या घरात सगळ्यात जास्त प्रवास कोणी केला असेल, तर माझ्या डब्याने. उमरेडच्या पलीकडच्या आमच्या गावाहून तो रोज सकाळी एसटीने नागपूरला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. मी मात्र कॉलेजसाठी नागपुरात खोली घेतल्यापासून सणावारीच गावी जात होतो. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. खेड्यातल्या मायांचा खानावळीच्या अन्नावर विश्वास नसायचा. त्यामुळे पहाटे चुली पेटायच्या, डबे कंडक्टरच्या हवाली व्हायचे आणि तो ते बसस्टँडसमोरच्या एका पानठेल्यावर उतरवायचा. ठेल्याला खिळे ठोकलेली एक फळी होती. ज्याने त्याने तिथून आपला डबा काढायचा, खाऊन धुवायचा आणि पाचच्या आत परत टांगायचा. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नसतो, एवढाच काय तो बंदोबस्त.

माझ्या डब्याला मायने तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली होती. आत ज्वारीची भाकर, सोबत चून, म्हणजे पिठलं, नाहीतर अंबाडीची भाजी, आणि ठेचा. सोमवारी हेच, शनिवारीही हेच. मी तेव्हा नुकतीच इंग्रजी पुस्तकं वाचायला लागलो होतो, आणि भाकरीची लाज वाटायला तेवढं शिक्षण पुरत होतं.

शेजारच्या खिळ्यावर लाल नाडा बांधलेला एक डबा असायचा. तो उमरेडच्या अलीकडच्या गावातल्या एका पोराचा. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, माल नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून जायचा. पोरगा उंच, हाडकुळा आणि अबोल. आमची ओळख मान हलवण्यापुरती.

त्यांच्या घरी गुरुवारी नैवेद्य असतो, हे मला चुकीने कळलं. पहिल्या वेळी खरंच चूक होती. पाऊस होता, घाई होती, मी न बघता डबा उचलला आणि कॉलेजच्या मागे कडुलिंबाखाली बसून झाकण काढलं. आत पुरणपोळी. तूप वेगळ्या डबीत. खालच्या कप्प्यात वडाभात. शहाण्या माणसाने झाकण परत लावलं असतं. मी शहाणाच होतो, पण भुकेला होतो. खाऊन ठेल्यावर गेलो, तर माझा डबा फळीवर नव्हता. ठेलेवाला म्हणाला, "तुमचा डबा तो लंबा पोरगा घेऊन गेला जी. एकच राहिला होता, तं काय करन तो?"

पुढच्या गुरुवारी चूक झाली नाही, मी ती केली. गुरुवारी त्याचं प्रॅक्टिकल एकपर्यंत चालायचं. मी बाराच्या ठोक्याला जायचो, लाल नाड्याचा डबा काढायचो आणि हिरव्या चिंधीचा त्याच्यासाठी सोडायचो. मनात म्हणायचो, अदलाबदलच तर आहे, उपाशी कुठे ठेवतो आपण त्याला? स्वतःची वकिली करण्यात मी पहिल्यापासून हुशार. संध्याकाळी दोन्ही डबे फळीवर यायचे आणि आपापल्या घरी जायचे. तो पोरगा कधी एका शब्दाने बोलला नाही. समोर आला की पूर्वीसारखीच मान हलवायचा. मला त्याचा रागच यायचा. भांडला असता तर मी सुटलो असतो.

असं दिवाळीपर्यंत चाललं.

दिवाळीला गावी गेलो. फराळाला शेजारच्या बायका आल्या होत्या. माय त्यांना सांगत होती, "गुरुवारचा डबा कधी रिकामा नाई धाडत हा. कधी साखरेची पुडी, कधी गुळाचा खडा. मागच्या गुरुवारी तं संत्रं होतं."

"लेक असावा तं असा वं बाई!" एकजण म्हणाली.

मला काही समजेना. मग समजलं. भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीत. त्या पोराने माझ्या मायची भाकर खाल्ली होती, डबा धुतला होता आणि आत साखर ठेवली होती. दर गुरुवारी, न चुकता.

आणि मी काय केलं? चकली मोडत म्हणालो, "तेवढं तं कराच लागते ना, माय." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बायका कौतुकाने बघत होत्या. मी म्हणालो, "संत्रं तं मी निवडून घेतलं होतं." आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी तोंड लपवावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी निघायची तयारी चालली होती. घरात आम्ही दोघंच. माय डब्यात चिवडा भरत होती. वर न बघता तिने विचारलं, "गुरुवारी माहा डबा कोन खाते रे?"

"मीच खातो. काहून?"

"आपल्या मायच्या डब्यात कोनी साखर घालून धाडते का? ते दुसऱ्याच्या भांड्यात घालतात, बाबू. पहिली पुडी पाहिली तवाच समजलं मले." तिने चिवडा हाताने दाबून बसवला. "म्हून गुरुवारी तिसरी भाकर घालून राहिली मी. अन् भरलं वांगं. परक्याचं लेकरू हाय, अर्धपोटी नाई राहिलं पाहिजे."

तिसरी भाकर. भरलं वांगं. मायचा सगळ्यात चांगला डबा गुरुवारचा होता, आणि मी एकही गुरुवार तो उघडला नव्हता. चार बायकांपुढे ती माझी अब्रू सांभाळत होती आणि मी संत्र्याच्या गोष्टी रचत होतो. इतकी शरम वाटली की मी सगळं सांगून टाकलं. चिंधी, लाल नाडा, बाराचा ठोका, सगळं.

ती रागावेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पुरणपोळी पायजे होती तं सांगाचं होतं ना मले."

मग झाकण लावून तिने चिंधीची गाठ आवळली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अन् तू? तू काय घालून धाडत होता त्याच्या मायच्या डब्यात?"

बसची वेळ झाली, असं म्हणून मी पिशवी उचलली. त्या घरी दर गुरुवारी डबा रिकामा गेला होता. एकदा तर नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी तो खरकटाच टांगला होता.