आठवड्याचा रकानाच नव्हता

दीपाली ओव्हाळ येरवड्यात वाढल्या. वडील पोस्टात कारकून. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेल्या आजोबांची घरात एकच सक्ती होती: हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा. ही सवय नोकरीत किती अडचणीची ठरते, ते दीपालीताईंना वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, २००३ साली कळलं.

त्या एका खासगी रुग्णालयात औषधांच्या खिडकीत बसत. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. त्यांनी ते संगमरवरावर कोरून घेतलंच आहे. त्या साली तिथे संगणक आले. पुण्यात तेव्हा इडलीच्या गाडीवाल्याच्या मुलानेही संगणकाचा कोर्स केला होता, मग रुग्णालयाने का मागे राहावं? डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून चुका होतात, असं व्यवस्थापनाचं निदान होतं. उपाय असा निघाला की डॉक्टर पूर्वीसारखेच खरडणार, बाहेर बसलेला ऑपरेटर ते वाचून संगणकात भरणार आणि छापील चिठ्ठी निघणार. म्हणजे चूक राहिली, फक्त सुवाच्य झाली.

भावाच्या लग्नाची रजा संपवून दीपालीताई मंगळवारी कामावर आल्या. दुपारी एका निवृत्त शिक्षकांची चिठ्ठी खिडकीत आली. संधिवात. मेथोट्रेक्झेट, तीन गोळ्या, दिवसातून एकदा.

हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस संधिवाताच्या पलीकडे जातो.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "मी आठवड्यातून एकदाच लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "अक्षर स्पष्ट आहे." ही दुसरी गोष्ट वादग्रस्त होती, पण दीपालीताईंनी वाद घातला नाही. शिक्षकांची चिठ्ठी हाताने दुरुस्त करून दिली आणि संगणक बसवणाऱ्या कंपनीच्या अनिरुद्धला बोलावून घेतलं. तो चोवीस वर्षांचा होता आणि गळ्यात ओळखपत्र घालून झोपतही असावा.

"मॅडम, ऑप्शन्स तीनच आहेत. रोज एकदा, दोनदा, तीनदा. ऑपरेटरनं निअरेस्ट सिलेक्ट केलं असणार."

"आणि आठवड्यातून एकदा?"

"ते रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं."

"मी रजेवर असताना हे औषध आणखी कुणाला गेलंय, ते सांगेल का तुमचा संगणक?"

ते मात्र संगणकाने लगेच सांगितलं. एकच नाव होतं. सुंदराबाई घुले, वय बासष्ट, राहणार मांजरी. सहा दिवसांपूर्वी.

दीपालीताईंनी नोंदीतला फोन फिरवला. पलीकडून गोड आवाज आला, "नमस्कार, आपली काय सेवा करू?" तो त्यांच्याच रुग्णालयाचा स्वागतकक्ष होता. फोनचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नसे, म्हणून ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नावापुढे ऑपरेटर रुग्णालयाचाच नंबर टाकून मोकळा होत होता.

वैद्यकीय अधीक्षकांनी सल्ला दिला, "रीतसर पत्र पाठवा. तीन-चार दिवसांत मिळेल."

"साहेब, पत्र वाचायला त्या असायला हव्यात," असं म्हणून दीपालीताईंनी सहकाऱ्याला खिडकीवर बसवलं आणि मांजरीची पीएमटी बस पकडली.

मांजरीत सुंदराबाई घुले दोन निघाल्या. पहिलीला काहीच झालं नव्हतं. तरी तिने चहा पाजला आणि एवढं लांबून आलात तर माझंही ब्लड प्रेशर बघा म्हणाली. दुसरीचं घर उसाच्या कडेला होतं. ती ओसरीवर पडून होती. बोटं वाकडी, ओठ फुटलेले, तोंडात फोड. शेजारी ताटलीत भाकरीचा न मोडलेला तुकडा.

"आजी, त्या गोळ्या आजपासून बंद. माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"अगं बाई, डाक्टर मोठा का तू?" सुंदराबाईंना बोलतानाही दुखत होतं. "एक दिस चुकवला न्हाई म्या. सुनंनं कागद वाचून दाखवलाय. छापलेला हाय."

सून दारात उभी होती. तिने चिठ्ठी पुढे केली आणि घाबरून विचारलं, "माझं वाचायला चुकलं का, ताई?"

"नाही," दीपालीताई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर वाचलंत." आणि त्यांनी उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या.

शेजारच्यांच्या जीपमधून सुंदराबाईंना रुग्णालयात आणलं. पांढऱ्या पेशी निम्म्याच्याही खाली होत्या. त्या औषधाचा उतारा टोचण्यात आला, अकरा दिवस त्या वॉर्डात राहिल्या आणि वाचल्या. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं त्याच डॉक्टरांनी त्याच स्पष्ट अक्षरात लिहून ठेवलं.

मग चौकशी समिती बसली. तिने बिस्किटं संपवून निष्कर्ष काढला: रुग्णाच्या आकलनात त्रुटी. अधीक्षकांनी अहवाल सहीसाठी दीपालीताईंपुढे सरकवला.

"सही केलीत की विषय मिटला."

दीपालीताईंनी पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'रुग्ण सहा दिवस आपल्या कागदाप्रमाणे अचूक वागली. त्रुटी कागदात आहे.' खाली तारीख घातली.

"हे असं लिहायचं नसतं, ओव्हाळ मॅडम."

"मग आपण सांगा, कसं लिहायचं. मी अक्षर सुवाच्य काढते."

अहवाल त्या वाक्यासकट फायलीत गेला. दुसऱ्या दिवशी दीपालीताईंना पूर्वपरवानगीशिवाय खिडकी सोडल्याबद्दल मेमो मिळाला. व्यवस्थापनाची तत्परता पहिल्यांदाच दिसली.

दोन आठवड्यांनी अनिरुद्ध स्वतःहून आला. नवा पर्याय त्याने घातला होता आणि हे औषध 'रोज' भरलं तर पडद्यावर लाल सूचनाही येत होती. "मॅडम, बिल नाही लावलं याचं," तो खाली बघत म्हणाला. "माझी आजी पण हेच औषध घेते. वारज्याला असते." दीपालीताईंनी त्याला बसायला स्टूल दिलं.

महिनाभराने पेशी पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, त्या दिवशी सुंदराबाई सुनेला घेऊन खिडकीशी आल्या आणि छापील चिठ्ठी त्यांनी हातातच धरली नाही.

"तू सांग. तुझ्या तोंडानं सांग, कवा घ्यायची."

दीपालीताईंनी खिडकीबाहेर येऊन सुनेला सगळं समजावलं आणि पाकिटावर ठळक अक्षरात एकच शब्द लिहिला: गुरुवार.