त्या ‘हो’चा अर्थ

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथं लिहून मोकळी होते.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आज एका विद्यार्थ्याच्या कागदासाठी बालकल्याणच्या कार्यालयात गेले होते. शेजारच्या टेबलापाशी चिकलठाण्याचे बापलेक बसले होते. बाप कर्णबधिर, मुलगी बोलणारी, दहाएक वर्षांची. बाप मुलीला मारतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती.

कार्यालयातल्या कुणालाच खुणांची भाषा येत नव्हती, आणि मला येते हे साहेबांना ठाऊक नव्हतं. म्हणून साहेब मुलीलाच म्हणाले, “विचार त्यांना, तुला मारतात का?”

मुलीनं हातांनी विचारलं, “मी अभ्यास चांगला करते ना?”

बाप खुलला. त्यानं जोरजोरात मान हलवून ‘हो’ म्हटलं. साहेब लिहायला लागले, ‘वडिलांनी मान्य केलं.’

मी ओरडलेच, “थांबा साहेब! तिनं वेगळंच विचारलंय!”

मग खरा प्रश्न मी खुणेनं विचारला. बापाचा चेहरा पांढराफटक पडला. ‘नाही, नाही’ करत तो रडायलाच लागला. खरं काय, मलाही माहीत नाही. पण साहेबांनी ती ओळ खोडली. सोमवारी दुभाषी बोलावतो, मुलीशी वेगळं बोलतो, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, “असं का केलंस गं?”

“मॅडम, पप्पाला असं कसं विचारू? लई वाईट वाटलं असतं त्यांना.”

बापाची चौकशी लेकीच्याच तोंडून करायची? तुम्ही तिच्या जागी असता, तर विचारलं असतं?