एम माझा, एन जोशींचा

संशयी माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आमचे बात्रा सर तर चालताना स्वतःच्या सावलीकडेही वळून बघायचे. सेक्टर १७ मध्ये त्यांचं छपाईची अक्षरं घडवायचं दोन खोल्यांचं ऑफिस. नवनव्या इंग्रजी मासिकांचे ते दिवस. दिल्लीच्या एका प्रकाशक बाईंना आपल्या मासिकासाठी नवा टाइपफेस हवा होता. जुन्या छापखान्यातल्या अक्षरांच्या वळणाचा, पण आजचा वाटणारा.

इंटरव्ह्यूत सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, मिस्टरांचं पुढचं पोस्टिंग कुठे? आमचे हे तिथून जवळच, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं! सर खूश. "पक्की! पेट में बात रखती है." नोकरी मिळाली.

ज्या जुन्या पुस्तकावरून वळण घ्यायचं, ते सर डब्याच्या पिशवीत लपवून आणत. एका वेळी एकच ओळ दिसेल अशा वर-खाली दोन पट्ट्या ठेवून दाखवत. त्या पुस्तकाचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचे रद्दी प्रिंटआउट बाहेर जातात, असाही त्यांना दाट वहीम. एकदा खाली चौकात त्यांनी शेंगदाणे घेतले, सगळे माझ्या ओंजळीत ओतले आणि पुडीचा कागद भिंगाखाली धरला. गुरुमुखी वर्तमानपत्र निघालं. तरी कागद खिशात गेलाच.

मग तर कमालच झाली. पूर्ण अक्षरमाला कुणा एकाच्या हाती नको, म्हणून ए ते एम मला आणि एन ते झेड शेजारच्या टेबलावरच्या, मूळ नागपूरच्या जोशींना. मध्ये कपाट. एकमेकांची अक्षरं बघितली तर दाखवणाऱ्याची नोकरी गेली म्हणून समजा. पहिलं प्रूफ आलं. अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय असतात, ते सेरिफ माझ्या एमला जाडजूड आणि जोशींच्या एनला काडीसारखे! सर म्हणाले, कुणीतरी मुद्दाम केलंय.

मला ती नोकरी घालवायची नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधणाऱ्या बाईला असं काम पुन्हा कोण देणार? पण हे ध्यान बाईंपुढे ठेवायचीही लाज वाटत होती. शेवटी जोशीच हळूच म्हणाले, "वहिनी, सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर या." आठवडाभर ऑफिस सुटल्यावर आम्ही तिथल्या बाकावर बसून माझा एम आणि त्यांचा एन उजेडाकडे धरून एकावर एक ठेवत होतो. पाय जुळले.

प्रकाशक बाई आल्या. नवं प्रूफ बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, सगळी अक्षरं एकाच माणसाने काढल्यासारखी वाटतात, अगदी हेच हवं होतं.

त्या गेल्या. सरांनी दाराला कडी लावली. एमकडे बघितलं, एनकडे बघितलं.

"दिखाया किसने?"

मी हात वर केला. बाजूला बघते तर जोशींचाही वर.

सर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इसमें भी मिले हुए हो."