धुरीविना बाळंतपण

हेमलताला खोली मिळाली ती एका अटीवर: घरात धूर होता कामा नये. स्टोव्ह अंगणात, फोडणी अंगणात, उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. नवऱ्याने कामावरचे डिझेलचे कपडे फाटकापाशीच काढून टांगायचे. कारण खोलीच्या पलीकडे, कौलांपर्यंत न पोचलेल्या भिंतीमागे, घरमालकीण कृष्णाबाईचे रेशमाचे किडे होते, आणि धुराने ते मरत.

साल १९९३. बेंगळूरच्या उत्तरेला, डोड्डबळ्ळापूरच्या वाटेवरच्या त्या गावात डिझेलवर चालणारं वीजकेंद्र उभं राहत होतं. घरं होती तेवढीच राहिली आणि माणसं येतच गेली. धान्याच्या कोठारात बिहारचे वेल्डर, देवळाच्या ओसरीवर तमिळ गवंडी. नंदकिशोर फिटर, नागपूरजवळच्या कोराडीहून आलेला. एकट्याला कुठेही पथारी मिळाली असती. पण हेमलताचे दिवस भरत आले होते. पोटुशी बाई पाहिली की घरमालक दारातूनच हात जोडत. बाळंतपणाचा विटाळ, रात्रीचं रडणं, शिवाय त्याच खोलीत सहा वेल्डर मावत.

कृष्णाबाई पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या मराठा घरातली, विधवा. तिच्या मराठीत निम्मं कन्नड, ‘ठीक’च्या जागी ‘सरी’.

"आपल्या भाषेत बोलणारी पोरगी, म्हणून देते," ती म्हणाली. "धूर दिसला की सामान रस्त्यावर. सरी?"

"सरी, अक्का."

मुलगी झाली ती सरकारी दवाखान्यात. चार दिवसांनी हेमलताची आई अंबूबाई नागपूरहून उतरली. पिशवीत ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या वाळलेल्या साली, आणि पोत्यात गुंडाळलेली लोखंडी शेगडी. बाळंतिणीला शेक आणि बाळाला धुरी, यासाठीच ती दोन रात्री गाडीत बसून आली होती. अट ऐकल्यावर तिने शेगडी जमिनीवर आदळली.

"काहून शेकायचं नाही? बाईनं बाळंत व्हायचं ते किड्यायच्या मर्जीनं?"

"माय, हळू बोल. भिंत अर्धीच आहे."

"ऐकू दे किड्यायले."

"मग अंगणात शेक."

"अन् वारा लागला म्हणजे? ओलं अंग आहे तुझं."

डिसेंबरचा गारठा होता. बाळाला सर्दी झाली, छाती घरघरू लागली. डॉक्टरने थेंब दिले, उतार पडेना. भिंतीपलीकडून किड्यांचा पाला खाण्याचा आवाज दिवसरात्र येई, बारीक, सलग, सुपात धान्य घोळवल्यासारखा. हेमलताला आता त्या आवाजाशिवाय झोप लागत नसे. तो आवाज चालू, तोवर छप्पर आपलं, एवढं तिला कळत होतं. वीजकेंद्राच्या ठेकेदाराचा माणूस आठवड्याला फाटकाशी येऊन कृष्णाबाईला विचारून जाई: खोली कधी रिकामी होते?

एका दुपारी कृष्णाबाई तुतीचा पाला आणायला मळ्यात गेली. हेमलताचा डोळा लागला. जागी झाली ती ओव्याच्या वासाने. शेगडी बाजेखाली होती, अंबूबाई बाळाला धुरावर धरून बसली होती. धुराची रेघ सरळ वर जात होती, आणि कौलांखाली वळून भिंतीवरून पलीकडे उतरत होती.

हेमलताने पाण्याचा तांब्या शेगडीत ओतला. घरात चूल असलेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं, तिलाही ओतल्यावर कळलं. निखारे फुसफुसले आणि आधी होता त्याच्या दसपट पांढरा लोट उठून भिंतीपलीकडे गेला. ती पदराने वारा घालत राहिली. बाळ मात्र शांत झोपलं होतं.

कृष्णाबाई भारा घेऊन परतली. तोंडात तंबाखू होती, त्यामुळे ओव्याचा वास तिला लागला नसावा. पाला टाकला. हेमलता भिंतीला कान लावून बसली. सरसर चालू होती. संध्याकाळी मंदावली, असं तिला वाटलं. नंदकिशोरला विचारलं तर तो म्हणाला, "मला इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही."

पहाटे आवाज नव्हता.

ती बाळाला घेऊन पलीकडच्या दारात गेली. तिथे तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. बांबूच्या तट्ट्यांवर हजारो किडे जागच्या जागी थिजले होते, डोकी वर करून. पाला तसाच पडलेला. कृष्णाबाई उकिडवी बसून पाहत होती.

"अक्का, काल धूर झाला. तुम्ही पाल्याला गेल्यावर."

"म्या केला," मागून अंबूबाई म्हणाली. "तिचं नाव नका घेऊ."

"पाणी मी ओतलं," हेमलता म्हणाली.

कृष्णाबाईने मान वळवली नाही. "हे कात टाकतात. शेवटची कात. असेच बसतात, खात नाहीत." मग उठली. "धुराचं मला काही कळलं नव्हतं. आता कळलं."

हेमलताने बाळाला खांद्यावर घेतलं.

"उद्या उठतील. उठून पाल्याला तोंड लावलं तर सरी. नाही लावलं तर सामान उचल. तो ठेकेदाराचा माणूस यायचाच आहे."

त्या दिवशी नंदकिशोर कामावर गेला नाही. ट्रंका भरल्या, दोरी बांधली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. अंबूबाईने शेगडी परत पोत्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला. आधी एका कोपऱ्यातून, थांबून थांबून. मग सगळीकडून.

थोड्या वेळाने कृष्णाबाई झाडू घेऊन अंगणात आली आणि तिने परसातला गोठा उघडला. गाय विकल्यापासून त्याला कुलूप होतं.

"माझी चार बाळंतपणं इथे झाली," ती झाडता झाडता म्हणाली. "घरात किडे होते म्हणून. सासूनं इथेच शेकलं. वारा लागत नाही. तुझ्या आईला विचारायला तोंड नव्हतं?"

"विचारलं असतं तर दिला असता का?" अंबूबाईने विचारलं.

कृष्णाबाई थांबली. "नसता. वेल्डरांना कबूल केला होता."

"अन् आता?"

"आता त्यांना स्वल्प थांबायला सांगते."

संध्याकाळी गोठ्याच्या फटींतून ओव्याचा धूर बाहेर आला आणि मळ्याकडे गेला. फाटकाबाहेर वेल्डरांच्या खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. एका वेल्डरने नंदकिशोरला विचारलं, बाळंतपण किती दिवसांचं असतं. नंदकिशोरने डिझेलचे कपडे खिळ्याला टांगले आणि आत गेला.