येतानाचा दिवा

सिस्टरबाई पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये आल्या आणि कुणाला काही न विचारता जमिनीवर आडव्या झाल्या. अंगावर स्वच्छ पांढरी साडी, वय साठीच्या पुढचं, आणि खाली दहिवलीतल्या माझ्या शेडची काळी, ऑइल प्यालेली जमीन. मला वाटलं, बाईंना चक्कर आली. पाणी आणायला वळलो तर खालून आवाज आला, "मिस्त्री, खडू असेल तर माझ्याभोवती रेघ मारा. माणूस किती जागा खातो ते आधी बघू."

मी टेंपोच्या बॉड्या बांधतो. शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं, हा वाद चौथीपासून चालू आहे. पण कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांत माझ्या हातची बॉडी लोक डोळे झाकून ओळखतात, कारण ती वाजत नाही. खड्ड्यात घाला, घाटात घाला, हूं की चूं नाही. हे मीच सांगतो, कारण खरं आहे. म्हणून कशेळ्याच्या मंडळींनी वर्गणी करून रिकामी गाडी घेतली आणि तिची ॲम्ब्युलन्स करायचं ठरलं, तेव्हा ती माझ्याकडं आली. गाडीसोबत सिस्टरबाई आल्या. त्या घाटावरच्या, एकट्या. सगळी नोकरी कशेळ्याच्या वरच्या वाड्यांवर चालण्यात गेली. रिटायर झाल्या तरी गावी गेल्या नाहीत, तिथल्याच एका वाडीत राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिकडं मला कोण ओळखतं?"

आडवं होण्याची त्यांना खोडच होती. गाडीत स्ट्रेचर बसवलं, बाई आडव्या. दिवा लावला, बाई आडव्या. कुठल्याही वादात त्यांचं एकच वाक्य, "आडवं झाल्याशिवाय कळत नाही, मिस्त्री." मंडळींनी दिलेल्या छापील कागदावर सोबतच्या माणसाची सीट पेशंटच्या पायाकडं होती. बाई म्हणाल्या, डोक्याकडं घ्या.

"तिथं ऑक्सिजनचा सिलिंडर यायचाय," मी म्हटलं.

"तो पायाकडं न्या. पायांना कुणाचं तोंड बघायचं नसतं."

"बाई, गाड्या मी बांधतो."

"आणि त्यात झोपणारी माणसं मी आणते. तुम्ही एकदा आडवे व्हा."

"मी फक्त माझ्या घरी आडवा होतो."

 बाई स्टुलावर बसल्या, पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडत राहिल्या. माझी जेवणाची वेळ आली आणि गेली. शेवटी मी शेडचं दार लावून घेतलं आणि आडवा झालो. वर दिव्याचा पांढराफेक डोळा थेट माझ्या डोळ्यांत, बाकी नुसता पत्रा. बाई माझ्या पायाशी उभ्या राहिल्या, तर दिसेनात. मग डोक्याशी येऊन बसल्या. त्यांचं तोंड उलटं दिसलं, पण दिसलं. त्या उजेडात मला एकदम माझी आई आठवली.

"आता काय म्हणता?"

"सीट इकडं घेतो. दिवा बाजूला सारतो. पण तुम्ही सांगता म्हणून नाही. वजन बरोबर बसतं म्हणून."

"तसं तर तसं," बाई म्हणाल्या, आणि उरलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

छपरावरचे लाल-निळे दिवे नियमाप्रमाणे बसले. पण बाईंनी मागच्या दोन्ही दारांना आतल्या बाजूनं आणखी दोन लावायला सांगितले. वाडीवरचं दुखणेकरी माणूस बांबूच्या झोळीतून खांद्यावर खाली येतं. गाडी रस्त्यात उभी, मागची दारं सताड उघडी, झोळीवाले रस्त्याच्या मधोमध, आणि मागून कशेळ्याची जीप भरधाव. दारं उघडली की आतले दिवे बरोबर मागं बघणार. मग म्हणाल्या, छपराला आतून दोन लोखंडी कड्या हव्यात, एक डोक्यावर, एक पायावर. झोळीचा बांबू सरळ त्या कड्यांत घालायचा, गाठी सैल करून झोळी हळूच स्ट्रेचरवर टेकवायची, मग बांबू ओढून घ्यायचा. मोडलेल्या हाडाला उचलाउचल नको. या कड्या मी जाड सळईच्या केल्या आणि त्यांच्याखाली रबर घातलं. वाजायला नकोत.

आणखी एक पिवळा दिवा बसला, तो मात्र कुठल्याच कागदावर नव्हता.

गाडीवर डायवर ठरला होता चंदर, बाईंच्याच वाडीतला ठाकर आदिवासी. बोलायला कमी. एकदा आम्ही तिघं चहा पीत होतो. मी कौतुकानं म्हटलं, चंदर, तुझी वाडी खूश होईल गाडी बघून. तो म्हणाला, "कशाची खूश काका? आमची पोरं ॲम्ब्युलन्स बगून पळत्यात. मानूस जातो दवाखान्याच्या जुन्या गाडीतनं. बरा झाला तर येतो जीपनं, नायतर एश्टीनं. आन् मेला तरच गाडीतनं घरी येतो. मंग वाडीनं गाडी कंदी बगितली? मढं घेऊन आल्याली. आमच्यात तिला मढ्याची गाडी म्हंत्यात."

"याची बहीण होती," बाई म्हणाल्या. चंदर कप घेऊन नळाकडं गेला. "पहिलटकरीण. अडली होती. झोळीतून रस्त्यापर्यंत आणली आम्ही. तिनं जुनी गाडी बघितली आणि झोळीतच उठून बसली. म्हणाली, यातून गेलेलं परत येत नाय, मला घरी न्या. मी हाता-पाया पडले. नवरा म्हणाला, ती नाय म्हनते तर नाय. परत वर नेली."

"मग?"

"मग काही नाही, मिस्त्री. पुढं काही नाही."

त्या दिवशी मला कळलं की ही बाई आमच्या शेडमध्ये इतकी आडवी का होते. सीट, कड्या, दिवे, सगळं एवढ्यासाठीच होतं. झोळीतल्या माणसानं गाडी बघून उठून बसू नये.

त्यांनी ठरवलं ते असं. बरं झालेलं माणूस जीपनं यायचं नाही. त्याला याच गाडीनं घरापर्यंत सोडायचं, आणि येताना एक वेगळा दिवा लावायचा. वाडीच्या माळावरून खालचं वळण लांबूनच दिसतं. दिवा दिसला की माणूस जिवंत आहे. रंग कुठला, हे वाडीच्या बायकांना विचारून आल्या. लाल म्हणजे वणवा, नको. हिरवा झाडीत हरवतो. बायका म्हणाल्या, हळदीचा घ्या. आरटीओतल्या पासिंगच्या साहेबानं बाहेरून जादा दिवा चालणार नाही म्हणून सांगितलं. बाईंनी त्याला चंदरच्या बहिणीचं सांगितलं. भला माणूस, म्हणाला, गाडीच्या आत, पुढच्या काचेमागं लावा, आतल्या दिव्याला माझी हरकत नाही. मी तो डायवरच्या डोक्यावर बसवला. बटण वेगळं, पितळी, जुन्या ट्रकचं. बाई त्याला येतानाचा दिवा म्हणायच्या.

पहिला दिवा लागला तो एका म्हाताऱ्यासाठी. त्याला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत. बरा झाला, तेव्हा त्याला सोडायला मीही गेलो. वळणावर गाडी दिसली आणि माळावर बायकांनी सवयीनं गळा काढला. चंदरनं दिवा लावला, पण अजून कुणाला त्याचा भरवसा नव्हता. गाडी थांबली, दार उघडलं, म्हातारा स्वतःच्या पायांनी उतरला आणि आधी विडी मागितली. त्याची म्हातारी रडता रडता ओरडली, "मेल्या, जित्ता हायेस तर सांगायचं नाय व्हय?" बाई हसून हसून सीटवर कलंडल्या. मग पोरांनी दिव्याखाली टाळ्या पिटल्या, आणि तिथून पुढं ती रीतच पडली. गाडी वळणावर दिसली की पोरं काचेकडं बघायची आणि धावत सुटायची.

बाई दिव्याच्या बाबतीत फार कडक. एकदा चंदर रिकामी गाडी घेऊन घरी चालला होता. पोरांची गंमत म्हणून त्यानं दिवा लावला. वाडीवरची एक बाई, जिचा नवरा अजून दवाखान्यात होता, ती हातातलं काम टाकून वळणापर्यंत पळत आली आणि रिकामी गाडी बघून परत गेली. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी चंदरला घराघरातून फिरवलं. प्रत्येक उंबऱ्याशी त्याला म्हणायला लावलं, दिवा खोटा होता, माझं चुकलं. मी म्हटलं, "बाई, जरा जास्तच होतंय. लेकरू आहे ते."

"मिस्त्री, दिवा एकदा खोटं बोलला की पुढची पोर झोळीतून उठून बसेल," त्या म्हणाल्या. "मग मी काय करू? पुन्हा पाया पडू?"

 

गाडी दहिवलीवरूनच जायची यायची. येताना दिवा असला की मी हातातलं काम थांबवायचो. बाई आत असल्या तर खिडकीतून हात करायच्या. पेढे आले तर त्यातला एक मला मिळायचा. कुणाचं बाळ, कुणाचा मोडलेला पाय, मला नावं माहीत नव्हती. पण ती माणसं माझ्या पत्र्याखाली निजून बरी झाली होती, असं मी मनात धरायचो.

मग एका सकाळी गाडी शेडसमोर थांबली. चंदरचं तोंड उतरलेलं. मागचं दार उघडलं तर स्ट्रेचरवर सिस्टरबाई. पाय सुजलेले, श्वास तुटक. हृदयाचं काहीतरी होतं, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पनवेलला न्यायचं होतं. डोक्याकडच्या सीटवर कुणी नव्हतं, कारण त्यांचं असं कुणी नव्हतंच. मी म्हटलं, मी येतो. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"तुम्ही कामं करा. मी थांबायला सांगितलं ते वेगळ्यासाठी." त्यांनी बोट वर केलं. "डोक्यावरची कडी वाजते."

"माझी कडी वाजत नाही."

"आडवं झाल्याशिवाय कळत नाही, मिस्त्री." श्वास घेऊन त्या हसल्या. "रबर गेलंय तिचं."

मी पाना आणायला वळलो. त्या म्हणाल्या, "आत्ता राहू द्या. पनवेलपर्यंत तेवढीच सोबत. आल्यावर बसवा."

"दिवा लावून या म्हणजे झालं."

"येते की," त्या म्हणाल्या.

त्या पनवेलला होत्या तोवर मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला त्या उठून बसल्या होत्या आणि नर्सला शिकवत होत्या. मग चंदरचा फोन आला, उद्या सुट्टी मिळणार. वाडीलाही त्यानं कळवलं. मी कडीसाठी नवं रबर कापलं आणि पान्यासोबत खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गाडी आली. लांबून काचेवर ऊन पडलं होतं. मी स्वतःला सांगितलं, उन्हात दिवा दिसत नाही. गाडी जवळ आली, शेडच्या सावलीत शिरली. काच नुसती काच होती.

चंदर उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. "सकाळी निघायची तयारी चालली व्हती, काका," तो म्हणाला. "केस इंचरत व्हत्या. फनी हातातच ऱ्हायली."

मी मागं चढलो. डोक्याकडच्या सीटवर बसलो. माझ्या हातची सीट, आणि मी तिच्यावर पहिल्यांदाच बसत होतो. गाडी कशेळ्याकडं निघाली. कशेळं मागं पडलं, वाडीचा रस्ता लागला, तसा चंदरनं वेग कमी केला. पुढून त्याचा आवाज आला, "काका, समदी वाडी वळनावर हुभी हाय. फुलं घेऊन. त्यांना वाटतंय बाय बरी हून येतीय, सकाळचं मी कळवलंच न्हाय."  मग म्हणाला, "लावू का? यकदाच. बायसाठी."

त्याचं बोट बटणावर होतं. मला दिसत होतं. सांगतो, माझ्याही मनात आलं, लाव. ज्या बाईनं एवढ्या माणसांना त्या उजेडात घरी आणलं, तिनं अंधारात का यावं? तिच्यासाठी नाही तर मग कुणासाठी होता हा दिवा?

मी खाली बाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना माझं तोंड दिसलं असतं, उलटं, पण दिसलं असतं.

"नको," मी म्हटलं. "खोटा लावायचा नाही."

चंदरनं बोट काढलं. गाडी वळणावर आली. पोरं धावायला वाकली, काचेकडं बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिली. कुणी ओरडलं नाही, कुणी गळा काढला नाही. एका म्हातारीनं हातातली फुलं पदरात ओढून घेतली. गाडी त्यांच्यामधून इतकी हळू चालली की आत दुसरा काही आवाजच नव्हता. फक्त डोक्यावरची कडी वाजत होती, किणकिण, किणकिण. बाई खरं बोलल्या होत्या. खिशात रबर होतं, पाना होता. पण हात वर केला आणि पुढं काही सुचेना. वाडी येईपर्यंत मी ती कडी मुठीत घट्ट धरून बसलो.